रुग्णवाहिकेतून परिचर्येकडे

धावत्या रुग्णवाहिकेत ज्याने वर्षानुवर्षे शिरेत सुई घातली, हृदयाचा आलेख वाचला आणि मरणोन्मुखाचा श्वास चालू ठेवला, त्या अमेरिकन पॅरामेडिकने नोंदणीकृत परिचारकाची सनद मिळविण्यासाठी पुनश्च पहिल्या पायरीवर बसावे काय, हा प्रश्न केवळ दफ्तरी नव्हे. न्यूयॉर्क राज्याच्या रीजंट्स मंडळाने १९७१ साली दूरशिक्षणाचा जो उपक्रम आरंभिला, आणि जो पुढे एक्सेल्सियर या नावाने ख्यात झाला, त्याने अशा माणसास नोकरी सांभाळून अभ्यासण्याची मुभा दिली. मात्र पदवीपूर्वी रुग्णालयात, खऱ्या रुग्णांच्या शय्येशी, सुमारे अडीच दिवसांची कठोर परीक्षा ठेवली. कॅलिफोर्नियाच्या परिचर्या मंडळास तेवढे पुरेसे वाटले नाही. अध्ययनाबरोबरच देखरेखीखालील प्रात्यक्षिक हवे, असे म्हणून डिसेंबर २००३ नंतर प्रवेश घेणाऱ्यांना त्याने परवाना नाकारला.

आक्षेपात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. पॅरामेडिकला रुग्ण भेटतो तो घटकाभर. परिचारिका त्याच्यासवे रात्री काढते, शय्याव्रण होऊ नये म्हणून त्याची कूस बदलते, औषधाचे उशिरा उमटणारे परिणाम टिपते, घरी जाताना नातलगांना पथ्य समजावते. ही दृष्टी पुस्तकातून येत नाही, आणि अडीच दिवसांत ती पारखता येते, पण घडविता येत नाही. तथापि उणीव प्रात्यक्षिकाची असेल तर उमेदवाराच्या गावच्या रुग्णालयात तितके तास भरून घेण्याची तजवीज करावी. संसार ओढीत रात्री अभ्यास करणाऱ्या त्या अनुभवी माणसाला दारातूनच परत पाठविणे मला अन्यायाचे वाटते.