प्रणाली बदला, पण मॉडेल पाहून



जुन्या फोनमध्ये कंपनीबाहेरची प्रणाली घालणे म्हणजे विषाची परीक्षा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत एकांगी आहे. डिसेंबर 2014 मध्ये भारतात आलेला वनप्लस वन खुद्द कंपनीच सायनोजेन प्रणालीसह विकत होती. त्या प्रणालीचे मूळ असलेले सायनोजेनमॉड 2016 अखेर बंद पडले आणि त्यातूनच लिनिएजओएस उभे राहिले. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या कित्येक फोनना त्यातून आजही अँड्रॉइडच्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात.

घात होतो तो घाईमुळे. रेडमी नोट 7 चे सांकेतिक नाव ‘लॅव्हेंडर’, तर नोट 7 प्रोचे ‘व्हायोलेट’. एकाच्या प्रणालीची फाइल दुसऱ्याला चालत नाही. नवी प्रणाली घालण्याआधी फोनचे कुलूप, म्हणजे बूटलोडर, अनलॉक करताना फोनमधले सगळे पुसले जाते, म्हणून फोटो आणि संपर्क आधी दुसरीकडे उतरवून ठेवावेत. पुढे काही बँकांची अ‍ॅप्स अशा फोनवर चालायला नकार देतात, हेही खरे. आमच्या विमानतळावरील टॅक्सीचालकांसारखा ज्यांचा रोजचा गल्ला यूपीआयवर चालतो, त्यांनी एकुलत्या एका फोनवर हा प्रयोग करू नये. इतरांनी कपाटात पडलेल्या जुन्या फोनवर जरूर करून पाहावा.

– एक वाचक, देवनहळ्ळी (बंगळूरु)