टेम्पो कुठे जाणार, ते विचारा!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मरोळच्या घरातलं स्वयंपाकघर तोडायला काढलं. पहिल्याच सकाळी काँट्रॅक्टर म्हणाला, "ताई, दोन तासांत सगळं साफ करून देतो. टेम्पो सांगून ठेवलाय." मी सहज विचारलं, "टेम्पो कुठे जाणार?" तो हसला. "ते तुम्ही कशाला विचारता?"

तुम्हीही विचारत नसाल. घरात काम निघालं की आपण टाइल्सचे फोटो बघतो, रंग निवडतो, 'बिफोर-आफ्टर' रील बनवतो. त्या 'बिफोर'चं पुढे काय होतं, हे रीलमध्ये कधीच नसतं.

आम्हा मरोळकरांना मात्र ते माहीत असायला हवं. मिठी नदी विहार-पवईकडून निघते, आमच्या मरोळवरून पुढे विमानतळाखालून जाते आणि माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या काठावर वर्षानुवर्षं डेब्रिज पडत आलंय. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी तुंबण्याची कारणं बरीच होती, पण भराव आणि अतिक्रमणांनी अरुंद झालेलं पात्र हे त्यातलं एक. मी तेव्हा दोन वर्षांची होते. आजी सांगते, घरात पाणी शिरलं तेव्हा मला ओट्यावर पाट ठेवून त्यावर बसवलं होतं. आता तोच ओटा फोडून टेम्पोत जाणार होता. कदाचित त्याच नदीत.

मग मी हट्टाला पेटले. काहीही टाकायचं नाही, सगळं वापरायचं! यावर आई एकच वाक्य बोलली, "त्या अंधारात चोवीस वर्षं मी वाकून भाकऱ्या केल्यात, तू नाही."

गप्प बसले. कारण ती बरोबर होती. जुन्याचं कौतुक करणं सोपं असतं, विशेषतः ज्याला तिथे रोज उभं राहायचं नसतं त्याला. म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की, जुनं काय ठेवायचं ते घरातला इन्स्टाग्रामवाला ठरवणार नाही. जी व्यक्ती तिथे रांधते, ती ठरवेल.

आम्ही दोघींनी वही घेऊन यादी केली. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा, ही अजून काम करेल का? 'छान दिसेल का' हा प्रश्न नंतरचा. ओटा आईच्या उंचीप्रमाणे नवा बांधायचा, हे आधी ठरलं. जुन्या ओट्याचा कडप्पा गवंडीकाकांनी छिन्नीने हळूहळू सोडवला. एक लादी तुटली, दोन वाचल्या. त्यांच्या आता डब्यांच्या फळ्या झाल्यात. कडप्पा हा चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की डाग पडतो, त्यामुळे फळी म्हणून तो जास्त बरा. शहाबादी फरशी मागच्या दारी कपडे धुवायच्या जागेत गेली. मधल्या भिंतीतल्या सागवानी खिडकीच्या झडपा भांड्यांच्या कपाटाला लागल्या. भिंत गेल्यामुळे उजेडही आला.

सगळंच मात्र ठेवू नका. जुनी वायरिंग आणि गंजलेले पाइप बिनधास्त बदला. सिमेंटच्या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तो कापू किंवा फोडू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग घरीच घासायला बसलात, तर ती धूळ तुमच्याच फुप्फुसात जाईल. आमचं रंगाचे पोपडे निघालेलं एक फडताळ म्हणूनच गेलं.

पैसे वाचले का? फारसे नाहीत. दोन तासांचं काम दोन दिवस चाललं, मजुरी वाढली. "स्वस्तात मस्त" असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण टेम्पोच्या दोन खेपांची एक झाली.

आणि हे काही नवं फॅड नाही हं. आमच्या छपराची तुळई आजोबांनी गिरगावातल्या एका पाडलेल्या घरातून आणली होती. जुनं घर उतरवताना वासे, कौलं, दारं जपून ठेवायची, ही आपल्याकडची साधी रीत. बेलापूरला 'एस प्लस पीएस आर्किटेक्ट्स'नी बांधलेलं 'कोलाज हाऊस' बघा. त्याचा दर्शनी कोपरा पाडलेल्या घरांच्या खिडक्या-दारांनी बनलाय. चीनमध्ये वांग शू यांनी निंग्बोच्या संग्रहालयाच्या भिंतींत पाडलेल्या गावांच्या विटा आणि कौलं वापरली. त्यांना २०१२मध्ये प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. आजोबांना कुणी पुरस्कार दिला नाही, पण तुळई अजून सरळ आहे.

गंमत आपल्या पिढीची आहे. घरातलं सागवान आपण भंगारवाल्याला किलोवर देतो आणि तसल्याच लाकडाच्या टेबलावर 'व्हिंटेज' कॅफेत बसून दोनशेची कॉफी पितो. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात एकदा चक्कर मारा. आपण काय फुकट घालवलं, ते किमतीसकट कळेल.

उरलेल्या राबिटचं काय? २०१६च्या नियमांनी बांधकामाचा कचरा वेगळा ठेवून पालिकेकडे देणं आपल्यावर बंधनकारक केलं. मुंबई महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे. दहिसर आणि शिळफाट्याला रोज प्रत्येकी ६०० टनांवर प्रक्रिया करतील असे प्रकल्प आहेत. सोय आहे, पण फोन आपण करायचा असतो. आमची ती एक खेप आम्ही तशीच पाठवली. काँट्रॅक्टरला ते जरा लागलं, पण चालवून घेतलं त्याने.

तुमच्या घरी, शेजारी, हॉस्टेलमध्ये काम निघेलच कधीतरी. टाइल्स निवडायचा मान तुम्हाला कदाचित मिळणार नाही. पण हातोडा पडण्याआधी वही घेऊन बसणं आणि "टेम्पो कुठे जाणार?" हे विचारणं, एवढं तर जमेल ना?