गुणवत्तेचें नवें वतन

जून महिना उजाडला कीं आमच्या खर्ड्याच्या पारावर दोनच गोष्टी निघतात: पाऊस केव्हां पडणार, आणि कोणाच्या पोराला किती गुण पडले. पहिली गोष्ट आभाळाच्या हातची आहे, तिला इलाज नाहीं. दुसरी मात्र माणसांच्या हातची आहे. डॉक्टरीची 'नीट' परीक्षा आणि आयआयटीची परीक्षा यांचे निकाल याच सुमारास लागतात. शहरांतील क्लासवाले आपल्या यशस्वी मुलांचीं चित्रें पानपानभर छापतात. त्यांत जामखेड तालुक्याचें नांव भिंग घेऊन शोधावें लागतें. मग पारावरचा कोणी शहाणा म्हणतो, "आपल्या पोरांत ती गुणवत्ताच नाहीं हो." आणि आमचे भोळे शेतकरी बंधु मान डोलावतात. ही मान डोलावण्याची संवय मोडावी, एवढ्यासाठींच आजचा हा लेख.

प्रथम ही चाळण किती बारीक आहे तें पाहूं. २०२४ सालीं नीट परीक्षेस २३ लाखांहून अधिक मुलें बसलीं. देशांत एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या लाखाच्या किंचित् वर, आणि त्यांतल्या गरिबाला परवडतील अशा सरकारी जागा जेमतेम निम्म्या. आयआयटीच्या पहिल्या परीक्षेस त्याच सालीं सुमारें १४ लाख मुलें बसलीं. देशांतल्या २३ आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०. म्हणजे शंभरांतलें एखादें दुसरें पोर आंत जावयाचें आणि बाकीचीं माघारीं यावयाचीं. इतक्या गर्दींत एकदोन गुणांनीं हजारों मुलें मागें पडतात. त्या एकदोन गुणांवरून हुशार कोण आणि मठ्ठ कोण हें ठरविणें, हा न्याय म्हणावा काय?

शेतकरी बंधूंनो, तुम्हांला एक साधा प्रश्न विचारतों. एकाच पोत्यांतलें ज्वारीचें बीं एकानें बागाईत रानांत पेरलें, खत घातलें, वेळच्या वेळीं पाणी दिलें. दुसऱ्यानें तेंच बीं आपल्या जिराईत माळावर टाकलें आणि आभाळाकडे पाहात बसला. सुगीला बागाइतदाराचें कणीस मोठें निघालें, तर तुम्ही बियाण्याला दोष द्याल काय? शेतांत जें तुम्हांला कळतें तें पोराच्या बाबतींत कां कळूं नये? शहरांतल्या सुखवस्तु घरचें पोर आठवीपासून क्लासास जातें. त्याला दर आठवड्यास सराव परीक्षा असते, अडलें तर घरीं सांगणारा बाप असतो, आणि पहिल्या वर्षीं जमलें नाहीं तर दुसरें वर्ष घरीं बसून अभ्यास करण्याची ऐपत असते. आमच्या भागांतलीं कितीक कुटुंबें दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीस जातात तीं उन्हाळ्यांतच परततात. त्यांच्या पोराची शाळा अर्धी थळांत आणि अर्धी गांवांत होते. दोघांनाही तीन तासांचा एकच कागद द्यावयाचा आणि निघालेल्या आंकड्यास 'गुणवत्ता' म्हणावयाचें! या आंकड्यांत पोराची अक्कल किती आणि बापाची तिजोरी किती, हें वेगळें काढून दाखविणारा तराजू कोणत्याही परीक्षकाजवळ नाहीं.

ही गोष्ट आमच्याच देशाची आहे असें मात्र समजूं नये. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत आज शंभर अर्जांमागें सुमारें चारच मुलें घेतात. तेथील कारभार कसा चालतो? शंभर वर्षांपूर्वीं ज्यू लोकांचीं मुलें परीक्षेंत वर येऊं लागलीं, तेव्हां नुसते गुण पाहणें पुरेसें नाहीं, मुलाचें 'शील'ही पाहिलें पाहिजे, असा साक्षात्कार तेथील धुरीणांस झाला आणि ज्यूंची संख्या आवरण्यांत आली. तात्पर्य, परीक्षा आपल्या पोरांच्या सोयीची असेल तोंवर परीक्षा पवित्र. ती दुसऱ्याच्या पोरास वर काढूं लागली कीं माप बदलावयाचें. त्याहून गंमत पुढेंच आहे. ज्याचा बाप किंवा आई त्याच विद्यापीठांत शिकलेली आहे, त्या मुलास तेथें उघड झुकतें माप मिळतें. २०२३ सालीं राज चेट्टी व त्यांचे सहकारी या अर्थशास्त्रज्ञांनीं हिशेब मांडला. अमेरिकेंतल्या बारा नामांकित विद्यापीठांत, परीक्षेचे गुण सारखेच असतां, सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतलें मूल मध्यम घरच्या मुलापेक्षां दुपटीहून अधिक वेळां शिकावयास जातें असें त्यांस आढळलें. त्याच सालच्या जून महिन्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें काळ्या लोकांच्या मुलांस वंशाच्या विचारानें मिळणारी सवलत रद्द केली. वारशाची सवलत मात्र होती तेथेंच राहिली. पुढें २०२४ सालीं कॅलिफोर्निया राज्यानें आपल्या खासगी विद्यापीठांपुरता या वारशास कायद्यानें आळा घातला, एवढेंच काय तें समाधान.

बापानें लिहावयाचें म्हणून पोरानें लिहावयाचें, यास आमच्या मुलखांत वतन म्हणत. गांवचीं वतनें कायद्यानें गेलीं. परंतु पैसा, क्लास, इंग्रजी आणि शहरांतलें घर यांच्या जोरावर जें नवें वतन उभें राहिलें आहे, त्याची सनद कोठें लिहिलेली नसते म्हणून तें दिसत नाहीं. जुना वतनदार निदान 'हें माझ्या बापजाद्यांचें आहे' असें खरें तरी सांगे. नवा वतनदार म्हणतो, 'हें मीं माझ्या हुशारीनें मिळविलें!'

या वतनाच्या वाटा पाहा. नीटचा कागद मराठींत मिळतो, आयआयटीच्या पहिल्या परीक्षेचा कागदही २०२१ पासून मराठींत मिळतो. परंतु आयआयटीची शेवटची व खरी परीक्षा फक्त इंग्रजी व हिंदींत होते. दहावीपर्यंत मराठींत शिकलेल्या सुताराच्या पोरानें पदार्थविज्ञानाशीं झुंजावें कीं परक्या भाषेशीं? दुसरी वाट दाखल्यांची. २०१९ सालीं आर्थिक दुर्बलांसाठीं दहा टक्के जागा झाल्या. पण ज्याच्या कुटुंबाची पांच एकर शेती आहे तो या नियमानें दुर्बल नव्हे. जमीन कोल्हापूरकडची उसाची आहे कीं आमच्या बालाघाटाच्या डोंगराखालची मुरमाड, हें नियम विचारीत नाहीं. शहरांत हजार चौरस फुटांच्या आंतला फ्लॅट असला तर मात्र दुर्बलपणास बाध येत नाहीं. नियम करणारानें ढेकूळ कधीं हातांत धरलें नसावें!

कोणी विचारील, "कमी गुणांच्या पोरांस डॉक्टर करून आमचे जीव धोक्यांत घालतां काय?" यास तमिळनाडूनें उत्तर दिलें आहे. त्या राज्यानें २०२० सालीं कायदा करून सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठीं वैद्यकीय जागांपैकीं साडेसात टक्के जागा राखल्या. नीट परीक्षा त्या मुलांसही द्यावी लागते व तींत उत्तीर्ण व्हावें लागतें. पूर्वीं अशीं मुलें बोटांवर मोजण्याइतकीं आंत जात. पहिल्याच वर्षीं तीनशेंहून अधिक गेलीं. मद्रास उच्च न्यायालयानें २०२२ सालीं हा कायदा ग्राह्य धरला. मध्यप्रदेशानेंही २०२३ सालीं सरकारी शाळांच्या मुलांस पांच टक्के जागा दिल्या. मग ज्या महाराष्ट्रांत शाहू महाराजांनीं १९०२ सालीं आपल्या संस्थानांत मागासलेल्यांसाठीं निम्म्या जागा राखल्या, तो महाराष्ट्र आज कां स्वस्थ बसला आहे?

आणि डॉक्टर निवडावयाचा तो कशासाठीं, हेंही कोणी विचारतो काय? उत्तर आमच्या तालुक्यांतच आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत शिकलें आणि १९७० सालीं जामखेडास येऊन राहिलें. त्या कॉलेजांत त्या काळीं मुलाखत घेऊन, या मुलाच्या हातून सेवा होईल काय, हें पाहात. अनेक जागांस ठराविक काळ सेवा करण्याची अट असे. आरोळ्यांनीं जामखेडच्या खेड्यापाड्यांतल्या, अक्षरओळख नसलेल्या, कितीक तर अस्पृश्य गणलेल्या बायांना बाळंतपण, लहान मुलांचे आजार, स्वच्छ पाणी यांचें ज्ञान दिलें. त्या बायांनीं शेंकडों बाळें वांचविलीं. जगभरचे डॉक्टर हें काम पाहावयास जामखेडास आले. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. आतां सांगा, त्या बायांत गुणवत्ता नव्हती काय? ती होतीच, तिला विचारणारा १९७० पर्यंत कोणी आला नव्हता. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही प्रवेशाच्या परीक्षेंत गांधीविचारांचा एक स्वतंत्र कागद असे. नीट आल्यावर ती वेगळी परीक्षा गेली. सगळ्या देशास एकच चाळण लावल्यानें पूर्वींची वशिलेबाजी व पैसे घेऊन जागा विकणें यांस कांहीं आळा बसला, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु खेड्यांत राहण्यास कोण तयार आहे हें विचारण्याची जागाही त्याबरोबरच बुजली.

येथें आमच्या घरचें उणेंही सांगितलें पाहिजे. महाराष्ट्रांत १९८३ पासून विनाअनुदान व्यवसाय-महाविद्यालयांस परवानगी मिळाली. त्या काढणाऱ्यांत बहुजनसमाजाचेच पुढारी पुष्कळ होते. सभेंत फुले-शाहूंचीं नांवें घ्यावयाचीं आणि आपल्या कॉलेजांत लाखोंच्या फीचा फलक लावावयाचा, असा हा दुतोंडी व्यवहार आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं मुलांस कष्ट करून शिकण्याची सोय केली. यांनीं बापास जमीन विकून शिकविण्याची सोय केली. जुन्या भटशाहीवर तोंडसुख घेणारांनीं ही नवी सावकारीही आपल्या तोंडीं येऊं द्यावी.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं बजावलें होतें कीं सरकारचा महसूल शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घामाचा, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गास होतो. आयआयटी व सरकारी वैद्यकीय महाविद्यालयें आजही जनतेच्या पैशानें चालतात, आणि त्या पैशांत आगपेटीपासून डिझेलपर्यंत तुम्हीं भरलेला कर आहे. तेव्हां आम्ही मागतों ती भीक नव्हे, हिस्सा मागतों. सरकारास आमचें सांगणें असें: पहिलें, खेड्यांतल्या शाळांच्या मुलांस वैद्यकीय प्रवेशांत राखीव वांटा द्यावा. तमिळनाडूची नुसती नक्कल पुरणार नाहीं, कारण आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक सातवी-आठवीवर संपतात. म्हणून पुढील अनुदानित मराठी शाळाही या हिशेबांत धराव्या. दुसरें, आयआयटीची अखेरची परीक्षा मराठींतही व्हावी. तिसरें, पांच एकरांच्या नियमांत जिराईत आणि बागाईत हा भेद करावा. चौथें, प्रत्येक तालुक्याच्या गांवीं अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठीं मोफत वसतिगृह आणि तयारीचे वर्ग असावे.

आतां चार शब्द घरच्यांसाठीं. सरकार जागें होईपर्यंत आपण झोंपूं नये. जातपडताळणीचा दाखला पोर अकरावींत असतांनाच काढण्यास लागा. ऐन प्रवेशाच्या वेळीं तो नसल्यानें हातची जागा जाते. इतर मागासवर्गीय बंधूंनीं ध्यानांत ठेवावें कीं आठ लाखांची मर्यादा मोजतांना शेतीचें उत्पन्न व पगार धरीत नाहींत. कोणी कारकून उलट सांगेल तर त्यास नियम दाखविण्यास सांगा. आयआयटीकडे दाखला केंद्राच्या नमुन्याचा आणि त्या वर्षाच्या १ एप्रिलनंतरचा लागतो. दहावीनंतर विज्ञान घेणाऱ्या इतर मागास व भटक्या-विमुक्त मुलांस महाज्योती संस्था फुकट शिकवणी व टॅब देते. अर्जाची मुदत चुकवूं नका. मुलींच्या बाबतींत तर सबबच उरली नाहीं. २०२४ पासून, आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल व मराठा घरांतल्या मुलींची व्यवसाय-शिक्षणाची शिकवणी फी सरकार भरतें. तेव्हां हुंड्यासाठीं रान गहाण ठेवण्याचा विचार करणाऱ्या बापानें आधीं पोरीचा अर्ज भरावा. मात्र एका परीक्षेसाठीं सगळी जमीन विकून पोराला परमुलखांतल्या क्लासांत कोंडूं नका. निकाल चुकला तर पोर चुकलें असें नव्हे, हें त्याला आजच तोंडानें सांगून ठेवा. कोट्यासारख्या ठिकाणीं हें वेळेवर न ऐकल्यामुळें कितीक पोरें जिवास मुकलीं.

शेवटीं खर्ड्याचीच गोष्ट. १७९५ सालच्या मार्च महिन्यांत याच शिवारांत निजामाचा पराभव झाला. शिंदे, होळकर, भोसले अशीं सगळीं दळें त्या दिवशीं एकत्र उभीं होतीं म्हणून जय मिळाला. पुन्हां तीं तशीं कधीं एकत्र आलीं नाहींत आणि तेवीस वर्षांत राज्य गेलें. आज कुणबी म्हणतो माळ्यानें माझी जागा खाल्ली, माळी म्हणतो धनगरानें खाल्ली, आणि सगळे मिळून महार-मांगांच्या पोराकडे बोट दाखवितात. बंधूंनो, शंभरांतलीं अठ्याण्णव पोरें दारांतून माघारीं येतात तीं एकमेकांमुळें नव्हे. दारच अरुंद आहे आणि त्याची किल्ली पैसेवाल्याच्या कमरेला आहे. पुढच्या ग्रामसभेंत रस्ता आणि गटार यांच्याबरोबर हाही ठराव मांडा: तालुक्यास वसतिगृह, खेड्यांतल्या मुलांस वांटा. सह्या सगळ्या आळ्यांतून घ्या. एका आळीच्या सह्यांचा कागद कचेरींत धूळ खातो. सगळ्या गांवाचा कागद वाचावाच लागतो.