चौथे कडवे कुठे गेले?

गेल्या कोजागिरीला आमच्या मनीषनगरच्या फ्लॅट स्कीमच्या गच्चीवर मसाला दूध नेहमीसारखेच होते, गाणी मात्र नेहमीची नव्हती. दरवर्षी वाजणाऱ्या भावगीतांना रजा देऊन इमारतीतल्या मुलांनी अभंग गाणाऱ्या एका बँडचा नवा अल्बम लावला. बास गिटार, ड्रम्स, ढोलकी, मधूनच रेगेचा हेलकावा, आणि या सगळ्यावर तुकोबा. रंजल्यागांजल्यांना आपले म्हणणाऱ्या साधूचा तो सर्वपरिचित अभंग सुरू झाला तसे मुले उठून उभी राहिली, टाळ्यांचा ठेका धरला गेला, चार-दोन आयाही त्यात सामील झाल्या.

माझे लक्ष शेजारी बसलेल्या काकांकडे होते. हे मूळचे वर्धा जिल्ह्यातले. तरुणपणी गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी वाजवलेली, पुढे वारकरी भजनात मृदंग. आषाढात धापेवाड्याला दिंडीत चालत जाण्याचा नेम त्यांनी गुडघे दुखू लागेपर्यंत मोडला नाही. गाणे संपताच 'काय हा धिंगाणा' अशा अर्थाचे काही तरी ऐकायला मिळणार याची मला खात्री होती. ते म्हणाले, "बाकी सारं बेस झालं जी ताई, पण चौथं कडवं कुठं गेलं?"

मी चमकले. एम.ए.च्या वर्गाला मी तुकाराम शिकवते आणि ते कडवे गाळले गेल्याचे माझ्या लक्षातही आले नव्हते.

ध्रुपद सोडले तर या अभंगाची पाच कडवी. सज्जनाचे चित्त आतबाहेर लोण्यासारखे मऊ असते, ज्याला कोणी नाही त्याला तो हृदयाशी धरतो, हे सांगून झाल्यावर चौथ्या कडव्यात तुकोबा एकदम घरात शिरतात. पोटच्या पोरावर जी दया करायची तीच दासावर आणि दासीवर, असे ते कडवे सांगते. आधीच्या तीन कडव्यांत साधू दूर कुठे तरी असतो. चौथ्यात तो आपल्या स्वयंपाकघरात उभा राहून, भांडी घासणाऱ्या बाईशी आपण कसे वागतो ते पाहत असतो. बँडने नेमके हेच कडवे वगळले होते. त्या जागी गिटारची एक लांब आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, सुरेख तान होती. बँडचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रार एकट्या त्याच्याविषयी नाही.

पुढच्या आठवड्यात वर्गात हाच अल्बम ऐकवला आणि विद्यार्थ्यांना अर्धे पान मत लिहायला सांगितले. बहुतेकांची मते शरीराच्या भाषेत होती: अंगावर काटा आला, पाय थांबेनात, 'व्हाइब' जबरदस्त आहे. या भाषेला हसण्याचा मोह आम्हा प्राध्यापक मंडळींना लगेच होतो. परंतु भजन हे मुळात शरीरानेच करायचे असते. पावली खेळणारा, फुगडी घालणारा वारकरी रसास्वादाची टिपणे काढत नसतो. तेव्हा काटा आला असेल तर बरेच झाले.

काहींनी मात्र चाहत्यांचा म्हणून एक खास सूर लावला होता. यांचा पहिला अल्बम कच्चा होता पण खरा होता, हा गुळगुळीत झाला, असा तो सूर. मला तो फार ओळखीचा वाटला. एम.ए. करत असताना मैत्रिणीकडून आणलेली 'इंडियन ओशन'ची 'कंदिसा' (२०००) ही कॅसेट मी फीत ओढली जाईपर्यंत ऐकली आहे. त्यातले शीर्षकगीत केरळातील सिरियन ख्रिस्ती परंपरेतली अरामाईक प्रार्थना. आम्हाला तिचा एक शब्द कळत नसे आणि आम्ही ती पाठ म्हणत असू. पुढे २००९ मध्ये असीम चक्रवर्ती गेले, २०१३ मध्ये सुस्मित सेन बँडमधून बाहेर पडले, आणि 'आता तो बँड राहिला नाही' असे म्हणणाऱ्यांत मीही होते. २०२३ साली त्यांचा 'तू है' आला तेव्हा तो मी आधी ऐकला नाही, आधी जुन्या अल्बमशी ताडून पाहिला. १९६५ साली न्यूपोर्टच्या महोत्सवात बॉब डिलनने विजेवर चालणारी गिटार हाती घेतली तेव्हा हुर्यो करणारे श्रोतेही त्याचे चाहतेच होते. चाहत्याला कलावंताइतकेच स्वतःचे पहिले ऐकणेही प्रिय असते, आणि पुढच्या प्रत्येक अल्बमने ते परत आणून द्यावे अशी त्याची मागणी असते. असो.

'कंदिसा'चा मुद्दा मी वेगळ्या कारणासाठी काढला. तेथे शब्द कळत नव्हते, म्हणून केवळ नादावर विसंबण्याला पर्याय नव्हता. तुकोबांच्या बाबतीत ती सबब आपल्याला नाही.

विरोधी मत वर्गातून कमी आणि स्टाफरूममधून जास्त आले. अभंगाचे पावित्र्य भंगले, संतवाणीला नाचगाण्याचे स्वरूप आले, वगैरे. या मताशी मी सहमत होऊ शकत नाही आणि त्याचे कारण छंदशास्त्रातच आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. मोजायची ती अक्षरे, लघुगुरू नव्हे. शार्दूलविक्रीडितातले किंवा भुजंगप्रयातातले प्रत्येक अक्षर ऱ्हस्व की दीर्घ हे आधीच ठरलेले असते, त्यामुळे लय बदलली की शब्द मोडतात. अभंगाचे अक्षर मात्र गाणाऱ्याच्या स्वाधीन असते. ते ताणता येते, चिमटीत धरता येते, दोन मात्रांवर पसरता येते. भजनी ठेका आठ मात्रांचा आणि रॉकची चाल चाराच्या पटीतली. लहान अभंगाची आठ अक्षरे त्यात एकास एक बसतात. मोठ्या अभंगाचा चौथा चरण आखूड असल्याने तेथे मोकळी जागा उरते. दिंडीत ती जागा टाळकरी विठ्ठलनामाने भरतात, बँड ती गिटारने भरतो. या छंदाने सातशे वर्षे नाना तऱ्हेची वाद्ये अंगावर घेतली आहेत, बास गिटारने तो दडपून जाईल असे मला वाटत नाही.

आणि 'मूळ चाल' म्हणजे तरी कोणती? भीमसेन जोशींच्या संतवाणीतली ख्यालाच्या अंगाची तान फडावरच्या वारकऱ्याला गिटारइतकीच परकी वाटू शकते. स्टाफरूममधल्या ज्या सहकाऱ्यांना बँड खटकतो त्यांच्या कानात शुद्ध अभंग म्हणून जे वाजत असते ते बहुधा श्रीनिवास खळ्यांचे स्वरनियोजन असते. तेही त्या त्या काळातले मिश्रणच. मुंबईच्या 'अभंग रीपोस्ट'सारख्या बँडने २०१० च्या दशकापासून बास, गिटार आणि ढोलकी एकत्र करून जे आरंभले ते या क्रमातलेच पुढचे पाऊल आहे.

तिसरे मत सर्वांत सौम्य, आणि मला सर्वांत जास्त खटकणारे. 'निदान या निमित्ताने तरुण पिढी तुकाराम ऐकते तरी.' हे मत व्यक्त करणाऱ्यांत मी स्वतः अनेक वर्षे आघाडीवर होते. मराठी विभागात विद्यार्थी मिळवताना असल्या 'निदान'चा आधार वाटतो, हेही कबूल करायला हरकत नाही. परंतु ऐकते म्हणजे काय ऐकते? गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. मैफिलीत, रेडिओवर, मोबाइलवर फिरणारे किती? माझ्या कानावर पडलेले मोजले तर शंभरही भरत नाहीत, आणि त्यांतले बहुसंख्य विठ्ठलाच्या रूपाचे, नामाचे, पंढरीच्या ओढीचे. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेला, देवाशी भांडणारा, दांभिकांवर शब्दांचे आसूड ओढणारा तुकाराम वर्गात भेटतो, ध्वनिवर्धकावर क्वचित. जे अभंग निवडले जातात त्यांचीही कडवी गळतात.

ही गळती बँडवाल्यांनी सुरू केलेली नाही. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्यात आलाप, ध्रुपदाची आवर्तने आणि तीन-चार कडवी बसवायची म्हणजे काही तरी सोडावेच लागे. काय सोडायचे हे ठरवताना गोड ते राहिले आणि बोचणारे गेले. आता तशी सक्ती उरलेली नाही. गाणे सात मिनिटांचे असले तरी कोणी अडवत नाही. तरी कडवी तीनच, कारण वाढलेला वेळ ध्रुपदाच्या घोषाला आणि वादनाला जातो.

नादाचा अधिकार किती मोठा असतो याचे उदाहरण आपल्याकडे १९३६ पासून आहे. प्रभातच्या 'संत तुकाराम'साठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक गीत कित्येकांनी तुकोबांचेच मानले आणि गाथेत शोधले. विष्णुपंत पागनीसांच्या गळ्यातून आले म्हणजे ते तुकोबांचेच, असा त्या ऐकण्याचा हिशेब. आठवल्यांच्या प्रतिभेला तो मुजराच होता. पण जो श्रोता तुकोबांचे नसलेले तुकोबांचे म्हणून स्वीकारतो, त्याला तुकोबांचे असलेले कमी झाल्याचे कसे कळावे?

काकांना कळले, ते का, यावर मी बराच विचार केला. ते कीर्तनात वाढले आहेत. वारकरी कीर्तनात एकच अभंग सेवेला घेतात आणि त्याच्या एकेका चरणावर निरूपण चालते. मागे टाळकरी उभे असतात, मृदंग असतो, मध्येच गजर होतो, आणि पुन्हा बुवा त्याच अभंगाच्या पुढच्या चरणावर येतात. तेथे चरण गाळणे शक्यच नसते, कारण सारी इमारत त्याच्यावर उभी असते. आम्ही विद्यापीठीय लोकांनी यातले निरूपण उचलले आणि वर्गातून टाळ-मृदंग हद्दपार केले. बँडच्या वाट्याला टाळ-मृदंग आले.

शब्दांवर लक्ष ठेवणारे चाहते पाहायचे असतील तर मनीषनगरहून फार लांब जावे लागत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात कॅसेटची, मग सीडीची आणि अलीकडे पेन ड्राइव्हची दुकाने लागत आली आहेत. तेथे भीमगीते लोकगीताच्या चालीवर ऐकली आहेत, सिनेगीताच्या वळणाची ऐकली आहेत, कव्वालीच्या सवाल-जवाबात ऐकली आहेत. आता रॅपही आहे. संमिश्र संगीत म्हणावे असे याहून अधिक काय असेल? तरी कव्वाली आपली की परकी या चर्चेत कोणी गुंतलेले मला दिसले नाही. दुकानापुढे उभे राहून ऐकणाऱ्याचे लक्ष बाबासाहेबांविषयी काय म्हटले जात आहे याकडे असते. एकदा एका बाईंनी ओळ नीट ऐकू आली नाही म्हणून दुकानदाराला गाणे मागे न्यायला लावलेले मी पाहिले आहे. तिला ठेका ऐकू येत होता, शब्द हवे होते. वामनदादा कर्डकांसारख्या कवीची शब्दरचना अनेकांच्या तोंडी टिकली याच्यामागे असे श्रोतेही असले पाहिजेत.

या अल्बमवरची माझ्या विद्यार्थ्यांची सगळी मते मी पुन्हा वाचली. एकातही गाळलेल्या कडव्याचा उल्लेख नव्हता. त्यांना दोष देणे सोपे आहे. हा अभंग मी त्यांना शिकवला तेव्हा लोण्याच्या उपमेवर वीस मिनिटे बोलले होते आणि चौथ्या कडव्याचा अर्थ एका वाक्यात उरकला होता. परीक्षेला 'संतलक्षणे' असा प्रश्न येतो, त्यात दासदासी फारशा लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कोजागिरीच्या तीन महिने आधी आमच्या स्कीमच्या सभेत घरकामाच्या बायकांनी मागचीच लिफ्ट वापरावी असा ठराव झाला. मी हजर होते. बोलले नाही. त्याच सभेत हात वर करणारे काही जण गच्चीवर या अभंगाला टाळ्या देत होते, मीही देत होते. बँडने ते कडवे गायले असते तर ठराव बदलला असता असे भाबडे विधान मी करणार नाही. पण त्या टाळ्या एखादा क्षण तरी चुकल्या असत्या, असे वाटते.

मुलांना मी हे सारे सांगितले नाही. त्यांना काकांचा प्रश्न तेवढा सांगितला. एकाने तिथल्या तिथे मोबाइलवर गाथा काढली, चौथे कडवे दोनदा वाचले आणि म्हणाला, "मावशी, हे तर ठेक्यात मस्त बसतं." पुढच्या कोजागिरीला ती स्वतःच वाजवणार आहेत. गिटार आहे, कहोन आहे, मृदंगासाठी त्यांनी काकांना विचारले. काका तयार आहेत. अट एकच, पाचही कडवी. लिफ्टजवळचा कागद अजून तिथेच आहे.