चवदार तळ्याच्या गावाला त्याचा वाटा द्या!

दरवर्षी 20 मार्चला आणि 25 डिसेंबरला आंबेडकरी जनता महाडला येते. कुणी एसटीने, कुणी गावकीच्या टेम्पोतून, लेकराबाळांसह, भाकरी बांधून घेऊन. 2011 च्या जनगणनेत महाड शहराची लोकसंख्या 28 हजारांच्याही आत भरली होती. एवढ्याशा गावाने त्या दिवसांत येणाऱ्या जनसागराला पिण्याचे पाणी द्यायचे, संडासांची सोय करायची, दिवाबत्ती बघायची आणि दुसऱ्या दिवशी गाव झाडून काढायचे. हे सारे नगरपालिकेच्या अंगावर. दिल्लीहून येणारे अनुदान मात्र डोकी मोजते ती फक्त जनगणनेतली. चवदार तळ्यावर ओंजळ भरायला आलेला माणूस त्या हिशेबात कुठेच नसतो.

हा वाटा मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, हे आधी स्पष्ट करतो. 74 व्या घटनादुरुस्तीने कलम 280 मध्ये भर घातली आणि नगरपालिकांच्या तिजोरीला हातभार कसा लावायचा हे सांगणे वित्त आयोगाचे घटनात्मक काम झाले. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी देशातील स्थानिक संस्थांना 4 लाख 36 हजार कोटींहून अधिक रकमेची शिफारस केली. राज्याराज्यांत ती वाटताना लोकसंख्येला 90 टक्के आणि क्षेत्रफळाला 10 टक्के वजन दिले. डोंगराला किती? पावसाला किती? दरडीला किती? शून्य! 22 जुलै 2021 ला सावित्री-गांधारीच्या पुराने महाड बुडाले, तळियेत दरडीखाली ऐंशीहून अधिक जीव गेले, पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर डोंगर कोसळला. पोलादपूर तालुक्यात माणसे कमी आणि वाड्या विखुरलेल्या. एका वाडीला रस्ता आणि नळ न्यायचा खर्च मैदानातल्या गावापेक्षा किती जास्त पडतो, हे कोणत्याही सरपंचाला विचारा.

मग नगरपालिकेने स्वतःचे उत्पन्न वाढवावे, असे शहाणपण शिकवले जाते. कशातून वाढवायचे? नगरपालिकांची जकात 1999 मध्ये गेली आणि तिच्या जागी राज्याचे अनुदान आले. महाडची औद्योगिक वसाहत शहराच्या हद्दीबाहेर आहे. तिथल्या मालावरचा जीएसटी दिल्ली आणि मुंबई वाटून घेतात. पुरात गाळ मात्र महाडच्या घराघरांत शिरतो.

पण सगळा दोष दिल्लीच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. केंद्राची अट अशी होती की, रीतसर निवडून आलेल्या संस्थेलाच अनुदान. महाराष्ट्रात ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका लटकल्या आणि राज्याच्या वाट्याचा पैसा अडला. महाड नगरपालिकेचे मतदान झाले ते थेट 2 डिसेंबर 2025 ला, तोवर प्रशासकाचे राज्य. रायगड जिल्हा परिषदही 2022 पासून प्रशासकाच्याच हाती गेली होती. निवडणुका लांबवल्या सत्ताधाऱ्यांनी आणि भुर्दंड पडला दलित वस्तीतल्या नळाला! मताचा अधिकार हिरावला की पाणीही तुटते, हे आमच्या लोकांना कुणी वेगळे शिकवायला नको.

बाबासाहेबांना हा विषय परका नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ 1925 साली प्रसिद्ध झाला. वरच्या सरकारने खालच्या सरकारला पैसा कसा द्यावा, नेमून दिलेली रक्कम की महसुलातला वाटा, याचीच चिकित्सा त्यात आहे. आपल्याकडे बाबासाहेबांचे फोटो लावणाऱ्या किती नगरसेवकांनी हा ग्रंथ उघडून पाहिला असेल? असो.

याच महाड नगरपालिकेचा इतिहासही विसरता येत नाही. बोले ठरावानंतर 1924 साली तिने तळे सर्वांना खुले केले, सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखी माणसे सत्याग्रहाच्या पाठीशी उभी राहिली. पण 4 ऑगस्ट 1927 ला याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला, आणि लढा कोर्टात 1937 पर्यंत चालला. म्हणून आम्ही नगरपालिकेच्या बाजूने उभे राहू ते डोळे उघडे ठेवून. पंधराव्या आयोगाच्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. तो कोणत्या वस्तीत किती खर्च झाला, याचा फलक नगरपालिकेच्या दारात लागला पाहिजे.

20 मार्च 2027 ला सत्याग्रहाला शंभर वर्षे होतात. मंत्री येतील, हेलिकॉप्टर उतरेल, कमानी लागतील. त्याआधी महाड नगरपालिका आणि पोलादपूर नगरपंचायतीने एकत्र ठराव करून तो केंद्रीय अर्थ मंत्रालयाकडे आणि राज्य सरकारकडे धाडावा. मागण्या साध्या आहेत : येणाऱ्या अनुयायांचा भार आणि पूर-दरडीचा धोका वाटपात धरा, केंद्राचा पैसा राज्याच्या तिजोरीत दहा कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडला तर पंधराव्या आयोगाने सांगितल्याप्रमाणे व्याजासह द्या, आणि निवडणुका वेळेवर घ्या. ठरावाची प्रत घेऊन खासदार-आमदारांच्या दारात जायला महाड-पोलादपूरच्या कार्यकर्त्यांनी आतापासूनच तयारीला लागावे. मार्चपर्यंत उत्तर आले नाही, तर व्यासपीठावर येणाऱ्या प्रत्येक मंत्र्याच्या हातात हाराऐवजी तोच ठराव द्यावा.