ग्रीन झोन यलो करताना आयर्विनचा आकडा बघा

सांगलीकरांनो, थोडं लांबलंय, पण वाचा.

महापालिकेत पुन्हा नगरसेवक आलेत. ऑगस्ट २०२३ पासून प्रशासकाचा कारभार होता, जानेवारी २०२६ ला मतदान झालं, आता महासभा भरतील. विषयपत्रिकेत रस्ते-गटारींच्या खाली कुठंतरी एक ओळ येते : अमुक सर्व्हे नंबर शेती विभागातून रहिवास विभागात घेणेबाबत. नाहीतर तमुक आरक्षण वगळणेबाबत. वाचायला रटाळ ओळ. पत्रकार सोडून देतात, आपणही सोडून देतो. पण पुढच्या पुरात पाणी कुणाच्या स्वयंपाकघरात शिरणार हे त्या ओळीत ठरतं.

आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. २००५ ला पाणी ५३ च्या वर गेलं. २०१९ ला साडेसत्तावन्नच्या आसपास. २०२१ ला पुन्हा ५४-५५. सोळा वर्षांत तीन मोठे पूर. आणि सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या लोकांना तर ४० सुद्धा लागत नाहीत, इशारा पातळीच्या आतच त्यांची बोचकी बांधून झालेली असतात.

पूर आला की आपण अलमट्टीवर बोलतो. बोललंच पाहिजे, उंची ५१९.६० मीटरवरून ५२४ च्या वर न्यायचा कर्नाटकाचा डाव आहे आणि त्याला विरोध व्हायलाच हवा. पण २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, नदीपात्रातल्या आणि पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडं बोट दाखवलं. त्या अहवालावर आपल्याकडं भरपूर वाद आहे, असू दे. अलमट्टीचा निर्णय बंगळूर, मुंबई, दिल्लीत होणार. शामरावनगरातल्या भरावाचा निर्णय मात्र आपल्या महापालिकेत होतो. मग त्यावर मोर्चा का निघत नाही?

आता गुंठेवारीचं बघा. तुकडेबंदी कायदा १९४७ चा. शेतीचा गुंठा-दोन गुंठे तुकडा विकता येत नाही. पण बिगरशेती, रेखांकन मंजूर असलेला प्लॉट हमालाला, यंत्रमाग कामगाराला, रिक्षावाल्याला परवडत नाही. मग एजंट येतो, चुना मारून ३३ बाय ३३ ची आखणी करतो, स्टँप पेपरवर नोटरी करून देतो. जमीन स्वस्त का? तर ती सखल, काळ्या मातीची, ओतातली म्हणून. शेतकरी तिथं घर कधी बांधत नव्हता, त्याला पाणी माहीत होतं. विकणाऱ्याने पैसे घेतले आणि तो उंचावरच्या कॉलनीत राहायला गेला.

पुढं २००१ ला गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा आला, १ जानेवारी २००१ पर्यंतच्या गुंठेवारीसाठी. २०२१ ला ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली. २०२५ ला सरकारनं तुकडेबंदीही सैल केली. गरिबाच्या घराला कागद मिळाला तर मला आनंदच आहे. पण निळ्या रेषेच्या आतल्याला तो कागद मिळायचा नाही. त्याला मिळते घरपट्टी, वर अनधिकृत म्हणून शास्ती. वीज मिळते, नळ मिळतो, मतदान यादीत नाव मिळतं. म्हणजे कर घेताना तो नागरिक आणि पूर आला की अतिक्रमणवाला! २०१९ ला शहरी पूरग्रस्त कुटुंबाला सानुग्रह किती, तर १५ हजार. गादी, फ्रिज आणि पोरांची पुस्तकं, संपले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. डिसेंबर २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार नदी ते निळी रेषा बांधकामाला बंदी, बाग, मैदान, पार्किंग, असलं काही चालतं. निळी ते लाल या पट्ट्यात परवानगी मिळते, पण बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर हवं. कागदावर झकास. प्रत्यक्षात ज्याच्याकडं पैसा आहे तो शंभर डंपर मुरूम टाकून प्लॉट उचलतो. पाणी काय आटत नाही, ते शेजारच्या पत्र्याच्या घरात जातं. त्याच डंपरनं ओत बुजतो, मग पूर नसतानाही नुसत्या वळवाच्या पावसात गुडघाभर पाणी. एकेका प्लॉटची परवानगी नियमात बसते आणि सगळ्या मिळून गल्ली बुडते. माझं मत स्पष्ट आहे, ओत मोकळे होईपर्यंत या पट्ट्यात भराव टाकून नवीन मोठी बांधकामं नकोत. बिल्डर मित्र रागावतील, रागावू देत.

साताऱ्याच्या मित्रांनो, हसू नका. तुमच्याकडं नदी नाही, डोंगर आहे. सप्टेंबर २०२० ला हद्दवाढ झाली, शाहूपुरी, विलासपूर, गोडोलीचा भाग नगरपालिकेत आला. आता प्लॉटिंगची नजर उताराकडं आहे. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नाही असा नियम आहे, पण यवतेश्वर घाटातून कासकडं जाताना जे दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं. शिवाय कृष्णा तुमच्याकडून, कोयना पाटणकडून, दोघी कराडला भेटून आमच्याकडंच येतात. वर जमीन सोलली की गाळ खाली आमच्या पात्रात.

मग ओतातल्या लोकांचं काय करायचं, उठवायचं? दंडुक्यानं नाही. आधी उंचावर, कुपवाड-मिरजेच्या बाजूला जागा, मग स्थलांतर, तेही गल्लीच्या गल्ली एकत्र. कामापासून दहा किलोमीटर लांब नेऊन टाकलं तर माणूस घर भाड्यानं देऊन पुन्हा नदीकाठी येणार. गरिबांच्या घरांसाठीची आरक्षणं आहेत ती मात्र एकही वगळू नका. आज वगळलेलं आरक्षण म्हणजे उद्याची नवीन गुंठेवारी.

नवीन नगरसेवकांकडं एवढंच मागणं : झोन बदलाचा कुठलाही विषय महासभेत येईल तेव्हा सोबत त्या सर्व्हे नंबरचा पूररेषेचा नकाशा आणि २०१९ ला तिथं किती फूट पाणी होतं हे लावा. नाव घेऊन मतदान करा, हात वर करून 'मंजूर मंजूर' नको.

आणि आपलं काम. विकास योजनेत फेरबदल करायचा तर कलम ३७ खाली जाहीर नोटीस द्यावी लागते आणि हरकतीला एक महिना मिळतो. नोटीस पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात असते. दिसली की फोटो काढून इथं कॉमेंटमध्ये टाका. हरकत साध्या कागदावर चालते : सर्व्हे नंबर, तुमचा पत्ता, २०१९ च्या पाण्याची खूण दिसणारा भिंतीचा फोटो. आवकला देऊन पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका. मसुदा हवा असेल तर सांगा, मी लिहून देतो.