ट्रॅक्टरवाल्यांचा संघ

मंडळी, इंग्लंडात सफोक नावाचा शेतीवाडीचा परगणा आहे. तिथल्या इप्सविच शहराच्या फुटबॉल संघाला लोक ट्रॅक्टरवाली पोरं म्हणतात. नाव थट्टेचे, पण चाहते ते हौसेने मिरवतात.

२००० साली हा संघ सर्वांत वरच्या वर्गात चढला. नुसता टिकला तरी पुष्कळ! पण पहिल्याच हंगामात वीस संघांत पाचवा आला आणि युरोपातल्या स्पर्धेचे दार उघडले. अशा वेळी चाहत्यांत दोन तट पडतातच. एक म्हणतो, वाफसा आहे तोवर पेरून घ्या, नामांकित खेळाडू आणा. दुसरा म्हणतो, ज्या पोरांनी पीक काढले त्यांच्यावरच भिस्त ठेवा.

क्लबने पैसा सोडला. इटलीतून गोलरक्षक सेरेनी आला, स्पेनमधून नायजेरियाचा फिनिदी जॉर्ज. २००१ च्या नोव्हेंबरात मिलानच्या बलाढ्य इंटरला घरच्या मैदानावर १–० असे लोळवलेही. पण घरची लीग हातची गेली. २००२ च्या मे महिन्यात अठरावा येऊन संघ खाली घसरला. टीव्हीचा पैसा आटला, पगार मात्र कराराने बांधलेले. देणी भागेनात. २००३ च्या फेब्रुवारीत कारभार प्रशासकाच्या हाती गेला.

खर्च केला याला मी नावे ठेवणार नाही. पण एका सालच्या पिकावर चार सालांचे हप्ते बांधले, तिथे घोटाळा झाला. पोरं पुन्हा वर चढली ती २०२४ साली, बावीस वर्षांनी. आणि २०२५ मध्ये परत उतरली.